खारबांधासाठी बेमुदत उपोषण: बसावं का, आणि बसायचं तर कसं?

खाडीपट्टा (धागाकर्ता)

खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड (भगदाड) पडली की भरतीचं पाणी थेट भातखाचरात येतं. एकदा खारं पाणी मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक धड लागत नाही. निवेदनं जातात, पाहणी होते, अंदाजपत्रक तयार होतं, तोवर मिरग येतो. मग ग्रामसभेत ठराव होतो: १ मेला तहसील कचेरीसमोर आमरण उपोषण. पेण-अलिबागपासून खाली राजापूरच्या खाडीपर्यंत हेच चालू आहे. हल्ली काही पत्रांत तर शेवटची ओळ असते, 'अन्यथा आत्मदहन करू'.

स्वतःच्या देहाला क्लेश देऊन सत्तेला प्रश्न विचारायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिची चेष्टा व्हावी असं वाटत नाही, आणि त्यात कुणाचा जीवही जाऊ नये. इतिहास, कायदा आणि वैद्यकाची माहिती असलेल्यांनी नेमकं लिहावं ही विनंती. भावना सगळ्यांनाच आहेत, इथे तपशील हवा आहे.

शिलोत्री

सुरुवात चरीपासूनच करावी लागेल. अलिबाग तालुक्यातलं चरी. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथल्या सभेत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध संप ठरला. खोत म्हणजे कुळांकडून वसुली करून सरकारला सारा भरणारा गावचा वतनदार. खोताची जमीन कसायची नाही, बस्स. परिसरातली २५ गावं त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षं!

हे कसं चाललं ते नीट बघा. खोताचं उत्पन्न कुळाच्या भातातून यायचं, पण सरकारचा सारा खोताला भरावाच लागे. जमीन ओस पडली की खोताचं येणं बंद आणि देणं चालू. म्हणजे कुळं उपाशी राहत होती ती खोताचं मन द्रवावं म्हणून नव्हे. त्यांच्या उपाशी राहण्याने खोताचा हिशेबच मोडत होता. आणि खारजमीन ओस टाकणं म्हणजे कोरडवाहू रान पडीक ठेवणं नव्हे. दरवर्षी बांधाला चिखलाची भर घातली नाही, उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या पाहिल्या नाहीत, तर खेकड्याच्या बिळातून पाणी वाट काढतं आणि दोन-तीन उधाणांत तिथे खांड होते. आपल्याच घामाने राखलेली जमीन डोळ्यांदेखत खारी होऊ देणं हा त्यांचा त्याग होता. त्या काळात लोक जगले खाडीतल्या मासळीवर, डोंगरातल्या लाकूडफाट्यावर आणि मिळेल त्या मजुरीवर.

१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे शेतकऱ्यांच्या सभेला आले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ चा कूळ कायदा आणि पुढे १९४९ चा खोती निर्मूलन कायदा ही त्याची पुढची पावलं. एका माणसाने दहा दिवस न जेवण्यापेक्षा २५ गावांनी सहा वर्षं न पेरणं सरकारला जड गेलं.

कातळसडा

शिलोत्री, मांडणी पटली, पण एक अडचण आहे. चरीत खोताला झळ बसत होती. तहसीलदाराला कसली झळ? शेतकरी शेत ओस टाकेल तर नुकसान फक्त त्याचंच. म्हणून तर लोक देहाकडे वळतात, दुसरं काही हातात उरलेलं नसतं. राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी बायाबापड्या भर उन्हात तापलेल्या कातळावर आणि रस्त्यावर आडव्या पडल्या, त्या काही हौसेने नाही. गाड्या अडवायला त्यांच्याकडे स्वतःच्या शरीरावाचून दुसरं काही नव्हतं.

दप्तरी

कातळसडा यांचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. कचेरीला झळ तीन गोष्टींची बसते: बंदोबस्ताची, वरून विचारणा होण्याची आणि निधी परत जाण्याची. तिसरी सगळ्यात जोरदार, आणि तिचाच उपयोग कुणी करत नाही.

१ मे ही तारीख बातमीसाठी चांगली आहे, बांधासाठी वाईट. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलेलं असतं. नवीन मंजुरी, निविदा, कार्यादेश यांत मे निघून जातो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडीकाठी यंत्र उतरत नाही. कापणी झाली, खाचरं वाळली, की डिसेंबर-जानेवारीत बसा. तेव्हा वर्षाचा निधी शिल्लक असतो, मातीचं काम करता येतं, आणि 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणायला जागा नसते.

मागणी एकच ठेवा. पंधरा मागण्यांच्या पत्राला 'आपल्या मागण्यांबाबत संबंधित विभागांना कळवण्यात आले आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं. बांध खारभूमी विभागाच्या योजनेतला आहे की खासगी, हे आधी लेखी काढून घ्या. खासगी बांध असेल तर खारभूमी विभाग हात वर करणार, आणि ते तुम्हाला उपोषणाच्या चौथ्या दिवशी कळता कामा नये.

मागणीत भरतीचं गणित घाला. खांड उधाणात बुजत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास टाकलेली माती दुसऱ्या दिवशी खाडीत जाते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते, तेव्हाच तोंड बांधून घ्यायचं असतं. म्हणून पत्रात लिहा: 'अमुक तारखेच्या भांगात वाळूच्या गोणी व मातीने खांड तात्पुरती बंद करावी, कायम काम ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावं.' दोन तारखा, दोन कामं. अशा पत्राला गोलमोल उत्तर देणं कठीण जातं.

निवेदनाच्या तीन प्रती: तहसीलदार, संबंधित विभागाचे कार्यकारी अभियंता, पोलीस ठाणे. चौथी तुमची. तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असल्याशिवाय खिडकी सोडू नका. क्रमांक नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं धरलं जातं. निदान पंधरा दिवसांची मुदत द्या.

मिठागर

मुदतीबद्दल दप्तरी म्हणतात त्याला जुना दाखला आहे. साने गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं आणि साधारण दहा दिवसांत ते सुटलं. लोक ते दहा दिवसच सांगतात. त्याआधी गुरुजी कित्येक महिने गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, इतर देवळं आणि विहिरी खुल्या करवल्या. उपोषण सुरू होईतो निम्मं काम झालेलं होतं.

दुसरा दाखला आप्पासाहेब पटवर्धनांचा, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम स्वतःला मागितलं. ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांवर लादलं जाई. परवानगी नाकारल्यावर त्यांनी अन्न आवरतं घेतलं. त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी ३ डिसेंबरला येरवड्यात उपवास धरला आणि विचार करण्याची तयारी सरकारने दाखवल्यावर दोन दिवसांत तो थांबवला. मागणी किती नेमकी होती बघा. मागितलं होतं ते कष्टाचं काम, सवलत नव्हे. अशा मागणीला स्वार्थाचा आरोप चिकटत नाही.

आणि मे १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह. मीठ उचलायचं, लाठी खायची, हात उचलायचा नाही. पहिली तुकडी पडली की दुसरी. ही तुकड्यांची रचना साखळी उपोषणाचीच सख्खी बहीण आहे.

पेजवाटी

वैद्यकीय बाजू लिहिते. प्रत्येक मंडपात त्याच त्या चुका होतात, म्हणून सविस्तर.

कुणी बसू नये: मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या, १८ च्या आतली मुलं, मूत्रपिंड-हृदयाचे रुग्ण, फिटची औषधं घेणारे, जठरात व्रण असलेले, आधीच खंगलेले, आणि मन खचलेलं आहे असे. यादीत नाव देण्याआधी तपासणी हवी. आमच्या खाडीपट्ट्यात साठीच्या पुढची माणसं सगळ्यात आधी नाव देतात. त्यांना मंडपात बसवा, उपाशी नको.

'निर्जळी' हा शब्द पत्रातून काढून टाका. पाण्याविना माणूस काही दिवसांतच हाताबाहेर जातो, आणि कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, म्हणून आणखी लवकर. दिवसाला निदान दीड ते दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि अर्धा चमचा मीठ. पत्र्याच्या शेडखाली बसू नका. झावळ्यांचा मांडव पत्र्यापेक्षा बराच थंड राहतो.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा. उभं राहताच तो घसरत असेल तर पाणी-मीठ कमी पडतंय. लघवी गडद किंवा कमी झाली तर तेच. मूळ वजनाच्या दहा टक्के घट ही थांबायची खूण, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४. तिथे मंडप संपतो आणि रुग्णालय सुरू होतं. हे आधी गावाने ठरवून लिहून ठेवावं, कारण त्या क्षणी बसलेला माणूस 'मी ठीक आहे' असंच म्हणतो.

आता सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो, आधीच अशक्त असेल तर लवकर. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा माणसाला उचलून नेल्यावर पहिल्यांदा ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं बी-१ ही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी बी-१, मग ग्लुकोज. सोबत जाणाऱ्याने 'इतके दिवस उपाशी आहे' हे वाक्य दाराशीच सांगायला हवं.

कातळसडा

ताई, उपोषण सोडण्याबद्दलही लिहा. मंत्री येतात, मोसंबीच्या रसाचा ग्लास, फोटो, आणि संध्याकाळी गावजेवण. हे धोक्याचं असतं ना?

पेजवाटी

हो, आणि हा धोका उपाशी राहण्याइतकाच आहे. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम मिळालेल्या साखरेने रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो. आनंदाच्या दिवशी हा प्रकार होतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

रसाचे दोन घोट फोटोपुरते पुरेत. शहाळ्याचं पाणी आपल्याकडे हाताशी असतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर. लघवी कमी झालेल्या माणसाला तपासणीआधी ते नको. नंतर उकड्या तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, अर्धी वाटी दर दोन-तीन तासांनी. पहिल्या दिवशी किलोमागे साधारण दहा कॅलरी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० च्या आसपास. फार दिवस झाले असतील तर त्याच्या निम्मं, आणि तेही रुग्णालयातच. पूर्ण जेवणापर्यंत चार ते सात दिवस घ्या. बी-१ पेज सुरू करण्याआधी आणि पुढचे दहा दिवस.

दप्तरी

कायद्याची बाजू थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम नाही, पण कलम २२६ आहे: लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा. 'आमरण' हा शब्द तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देता तेव्हा हे कलम कागदावर आणता. 'साखळी उपोषण' लिहिलं की जिवावर उठण्याचा प्रश्नच राहत नाही.

पत्र दिल्यावर पोलिसांकडून बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस येते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९). ती अटक नाही, घ्या आणि सही करा. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असेल तर पाच किंवा अधिक माणसांना अडचण येते. मंडपाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगवेगळी मागा. सणासुदीला असे आदेश वरचेवर निघतात, तारीख ठरवण्याआधी चौकशी करा.

शिलोत्री

बळजबरीच्या उपचाराबद्दल एक जोड. भगतसिंगांचे सहकारी जतीन दास उपोषण करत १३ सप्टेंबर १९२९ ला लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांनी गेले. नळीने जबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्याप्रमाणे शुद्धीवर असलेल्या उपोषणकर्त्याला जबरीने भरवणं वैद्यकीय नीतीत बसत नाही. म्हणून बसणाऱ्याने डॉक्टरांशी एकांतात बोलून ठेवावं. एकांत यासाठी, की गावाच्या दबावाखाली कुणी बसलेलं असेल तर ते तिथेच बाहेर पडतं. तसं असेल तर डॉक्टरांनी वैद्यकीय कारण देऊन त्याला उठवावं, त्याची लाजही राहते.

भरतीओहोटी

मी वेगळं मत मांडतो. जीव गेल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हा अनुभव खोटा का? चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला आठ सत्याग्रही गोळीबारात गेले. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासईला नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच शेतकरी गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं. वेगळ्या आंध्रसाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलु १९५२ मध्ये ५८ दिवसांनी गेले आणि चार दिवसांत आंध्र राज्याची घोषणा झाली. मग 'आत्मदहन' लिहिणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने थांबवायचं?

मिठागर

भरतीओहोटी, तुमची तळमळ कळते. पण चिरनेर आणि जासईची माणसं मरायला गेली नव्हती. ती हक्क मागायला गेली, त्यांना मारलं गेलं. हा फरक पुसला तर गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी मेलेल्याच्या माथी जाते.

श्रीरामुलुंच्या मागे वेगळ्या आंध्रची कित्येक दशकांची मागणी आणि लाखो माणसं उभी होती. दुसऱ्या बाजूला जी. डी. अग्रवाल पाहा. आयआयटी कानपूरला शिकवलेले पर्यावरण अभियंते, गंगेसाठी बसले आणि ११ ऑक्टोबर २०१८ ला १११ व्या दिवशी गेले. त्यांच्या बहुतेक मागण्या तशाच राहिल्या. मरण मागणीला बळ देत नाही, मागे उभी असलेली माणसं देतात. आणि ती असतील तर मरणाची गरज उरत नाही.

दप्तरी

आत्मदहनाच्या पत्राचं कचेरीत काय होतं तेवढं सांगतो. ते ज्या टेबलावर बांधाची फाइल आहे तिथे जातच नाही. ते गृह शाखेत आणि पोलीस ठाण्यात जातं. त्या दिवशी अग्निशमनाचा बंब, रुग्णवाहिका, साध्या वेशातले पोलीस. माणसाला आदल्या रात्री किंवा फाटकाशी ताब्यात घेतात आणि अहवालात लिहितात, 'अनुचित प्रकार टळला'. विषय बंद. बांधाचा त्या अहवालात उल्लेखही नसतो.

पेजवाटी

आणि अशी ओळ लिहिणाऱ्याला गर्दीतला एक म्हणून सोडू नका. कित्येकदा तो खरोखर टोकाला आलेला असतो: कर्ज, खारी झालेली जमीन, घरातलं आजारपण. पत्र मागे घ्यायला लावून भागत नाही. दोन माणसांनी त्याच्या घरी जावं, स्पष्ट विचारावं, त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मराठीतही चालतो. मंडपाच्या फलकावर तो मोठ्या अक्षरात लिहा.

कातळसडा

मत बदललं म्हणा. साखळीचं वेळापत्रक कसं लावायचं?

शिलोत्री

वाडीप्रमाणे लावा. समजा सात वाड्या आहेत, तर रोज एका वाडीचे पाच जण, सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा, म्हणजे २४ तासांचा उपास. एकादशी करणाऱ्या घरांना तो नवा नाही. ३५ माणसांत हे महिनोन्महिने चालतं. मासेमारीची माणसं भांगाच्या दिवसांत घ्या, तेव्हा मासळी कमी आणि होड्या बहुतेक किनाऱ्यावर. मुंबईकर चाकरमान्यांना शनिवार-रविवार द्या. बायकांची पाळी लावाल त्या दिवशी घरचं जेवण आणि गुरं कुणी बघायची हेही त्याच कागदावर लिहा. नाहीतर ती बाई उपाशीपोटी दोन्हीकडे राबते. मंडपात वही ठेवा: नाव, बसल्याची आणि उठल्याची वेळ, वजन, कोण अधिकारी आले, काय बोलले, त्यांची सही.

बेमुदत बसणारा माणूस पाचव्या दिवशी आडवा होतो आणि चर्चा त्याच्या प्रकृतीवर सरकते. साखळीत चाळिसाव्या दिवशीही बोलायला ताजा माणूस असतो, म्हणून चर्चा बांधावरच राहते.

खाडीपट्टा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. १ मे रद्द करून डिसेंबरचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवायला सांगतो, 'आमरण' शब्दही काढायला सांगतो. एकच शेवटचं: लेखी आश्वासन आलं तर ते खरं आहे हे ओळखायचं कसं?

दप्तरी

जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पदनाम हे आधी पाहा. मग क्रियापद वाचा. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल', 'प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येत आहे', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' यांतलं काही असेल तर मंडप हलवू नका. हवं ते वाक्य असं: 'अमुक बांधावरील अमुक मीटर लांबीच्या खांडीचे काम अमुक कार्यादेशान्वये अमुक तारखेपर्यंत पूर्ण करण्यात येईल.' लांबी, कार्यादेश क्रमांक, तारीख. तिन्हींपैकी एक जरी कोरं असेल तर पत्र आणणाऱ्याला तिथेच बसवून, फोन लावून भरून घ्या. आणि खाली आपल्या हाताने लिहा: 'वरील तारखेपर्यंत काम न झाल्यास साखळी उपोषण पुढील भांगापासून पुन्हा सुरू होईल', आणि त्याची पोच घ्या.